मालगाडी उभी का राहते?

भिलाईत आमच्या घरापासून रूळ जवळ आहेत. रात्री झोपताना शेवटचा आवाज ऐकू येतो तो मालगाडीचा आणि सकाळी पहिला आवाज येतो तोही मालगाडीचाच. सुट्टीत घरी गेलो की पहिले दोन दिवस या आवाजाने जाग येते, तिसऱ्या दिवसापासून येत नाही. हॉस्टेलवर परत आल्यावर मात्र तो आवाज नाही म्हणून दोन रात्री झोप लागत नाही.

रेल्वे फाटकाशी थांबलेल्या माणसांकडून मी एक वाक्य लहानपणापासून ऐकत आलो आहे : "ही मालगाडी उगाच उभी आहे." या लेखात मी सांगणार आहे की ती उगाच उभी नसते. हे कळणे फक्त गंमत म्हणून नव्हे, जीव वाचवण्यासाठीही गरजेचे आहे. त्यासाठी आधी माझी स्वतःची चूक सांगतो.

मी चौथीत होतो. रुळांच्या पलीकडे आमचे क्रिकेटचे मैदान होते. पुलावरून गेले तर पंधरा मिनिटे लागत आणि रुळांवरून गेले तर तीन. त्या संध्याकाळी वाटेत उघड्या वाघिणींची एक लांबलचक गाडी उभी होती. माझ्यापुढची दोन मुले दोन वाघिणींच्या मधल्या जोडाखालून वाकून पलीकडे गेली. मी बॅट पुढे टाकली आणि वाकलो. तेवढ्यात मागून कोणीतरी कॉलर धरून मला ओढले. ते आमचे आजोबा होते, संध्याकाळी फिरायला निघालेले. मी काही बोलणार इतक्यात धाडकन आवाज झाला आणि समोरची वाघीण हातभर पुढे सरकली. शिट्टी नाही, इशारा नाही. बॅटचे दोन तुकडे झाले.

आजोबांनी मला मारले नाही. ते रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. (२०२२ पासून या पदाला 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात, पण ते निवृत्त झाले तेव्हा गार्डच होते.) ते मला स्टेशनवर घेऊन गेले, प्लॅटफॉर्मची दोन तिकिटे काढली आणि पादचारी पुलावर नेऊन उभे केले. खाली तीच गाडी होती.

"आता सांग बाबू, ही गाडी का उभी होती?"

"मला काय माहीत?"

"मंग जे माहीत नाही, त्याच्या खालून कशाला जात होता?"

या प्रश्नाचे उत्तर मला तेव्हा देता आले नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी रोज संध्याकाळी एक वही घेऊन त्याच पुलावर जाऊन उभा राहिलो. जे दिसले ते लिहिले, जे कळले नाही ते आजोबांना विचारले. त्या वहीतून हा लेख तयार झाला आहे.

भिलाईत एवढ्या मालगाड्या कशासाठी?

भिलाई हावडा ते मुंबई या मुख्य मार्गावर, रायपूर आणि दुर्ग यांच्या मध्ये आहे. या भागातली रेल्वे नागपूरकडून आली. १८८२ पर्यंत नागपूर ते राजनांदगाव अशी मीटर गेज लाइन तयार झाली होती. तिचे नाव नागपूर छत्तीसगड रेल्वे. १८८७ मध्ये बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने ही लाइन घेतली, ब्रॉड गेज केली आणि पूर्वेकडे वाढवत नेली. १९५६ पर्यंत दुर्ग जिल्हा आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे इथे मराठी घरे पूर्वीपासून आहेत. आमच्यासारखी आणखी कित्येक घरे रेल्वेमुळे आणि पोलाद कारखान्यामुळे आली.

पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात फेब्रुवारी १९५५ मध्ये करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भिलाईच का, याचे उत्तर मालगाड्यांमध्येच आहे. एक टन लोखंड वितळवून काढायचे तर ढोबळ हिशेबाने दीड टनाहून जास्त लोहखनिज लागते. शिवाय कोक बनवण्यासाठी कोळसा आणि अशुद्धी काढण्यासाठी चुनखडी लागते. म्हणजे जेवढा माल बाहेर पडतो त्याच्या कितीतरी पट माल आत यावा लागतो. लोहखनिज दक्षिणेकडे दल्ली-राजहराच्या खाणींमधून येते आणि चुनखडी जवळच्या नंदिनीहून. कोकसाठी लागणारा चांगला कोळसा मात्र लांबून आणावा लागतो. त्यातला काही परदेशातून जहाजाने विशाखापट्टणमला उतरतो आणि तिथून रेल्वेने येतो.

आणि बाहेर काय जाते? इतर पोलादाबरोबर रेल्वेचे रूळ! भारतीय रेल्वेला लागणाऱ्या रुळांपैकी फार मोठा वाटा भिलाईचा आहे. इथे २६० मीटर लांबीचे रूळ तयार होऊन निघतात. पाव किलोमीटरपेक्षा लांब रूळ एका वाघिणीवर मावणे शक्यच नाही. तो एकामागे एक जोडलेल्या बऱ्याच सपाट वाघिणींवर आडवा ठेवलेला असतो. गाडी वळणावर आली की रूळही तिच्याबरोबर वाकतो आणि सरळ मार्गावर आली की पुन्हा सरळ होतो. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा विश्वास बसला नाही. पोलाद कडक असते एवढेच पुस्तकात वाचले होते. ते लवचीकही असते हे पुलावरून कळले.

यार्ड म्हणजे काय?

भिलाईच्या यार्डाचे पूर्ण नाव भिलाई मार्शलिंग यार्ड. रेल्वेची माणसे 'बीएमवाय' म्हणतात. ते चरोद्याच्या बाजूला आहे. मुख्य मार्गाच्या कडेला शेजारी शेजारी बऱ्याच लाइनी आणि दोन्ही टोकांना त्या एकत्र आणणारे सांधे, असे त्याचे रूप आहे. शेजारीच विजेच्या इंजिनांचे शेडही आहे. ज्या इंजिनावर 'बीआयए' अशी अक्षरे दिसतात ते या शेडचे.

'मार्शलिंग' हा शब्द आपल्याला ओळखीचा वाटेल. पूर्वी एका मालगाडीत अनेक ठिकाणच्या वाघिणी असत. एक वाघीण गोंदियाची, दुसरी टाटानगरची, तिसरी भुसावळची. यार्डात ती गाडी सोडवायची, एकेक वाघीण तिच्या दिशेच्या लाइनीत टाकायची आणि एका दिशेच्या वाघिणी जमल्या की नवी गाडी जोडायची. रोल कॉलनंतर मुलांना आपापल्या हाउसप्रमाणे रांगेत उभे करतात तसेच. यात वेळ फार जाई. एखादी वाघीण कित्येक दिवस वाटेत अडकून राही.

१९८० नंतरच्या वर्षांत रेल्वेने ही पद्धत हळूहळू बदलली. आता बहुतेक वेळा संपूर्ण गाडी एकाच मालाने भरते, एका ठिकाणाहून निघते आणि एकाच ठिकाणी रिकामी होते. अशा एकत्र राहणाऱ्या वाघिणींच्या संचाला 'रेक' म्हणतात. मग वाघिणी वेगळ्या करायच्याच नाहीत तर यार्ड कशाला? हा प्रश्न मीही विचारला. आजोबा म्हणाले, "पहिले इथे गाड्या तोडत होते, आता तपासतात." हे उत्तर पुढे समजेल.

वाघीण कशी वाचायची?

पुलावरून सगळ्या वाघिणी सारख्या मातकट दिसतात. दोन दिवसांनी त्या वेगळ्या दिसू लागतात.

उंच भिंतींची, वरून उघडी असते ती बॉक्सएन. कोळसा आणि खनिज तिच्यातून जाते. नावाच्या शेवटी 'एन' असला की हवेच्या दाबाचा ब्रेक आहे असे समजायचे. छत आणि दारे असलेली बीसीएन. तिच्यात सिमेंट, खत, धान्य अशा भिजू नये त्या वस्तू असतात. गोल टाकी असलेली बीटीपीएन पेट्रोल-डिझेलसाठी. खाली निमुळती होत गेलेली बीओबीआरएन वीज केंद्रांच्या कोळशासाठी असते. तिची दारे तळाशी उघडतात आणि सगळा कोळसा मिनिटाभरात खाली पडतो.

प्रत्येक वाघिणीवर अकरा आकडी क्रमांक असतो. पहिले दोन आकडे प्रकार सांगतात. पुढचे दोन ती कोणत्या रेल्वेच्या मालकीची आहे ते आणि त्यापुढचे दोन ती कोणत्या वर्षी बनली ते. नंतरचे चार तिचा स्वतःचा क्रमांक. अकरावा आकडा पडताळणीचा. तो कसा काढतात पाहा. समजा पहिले दहा आकडे २२०११२४०७५ आहेत. सम स्थानांवरचे, म्हणजे दुसरा, चौथा, सहावा, आठवा आणि दहावा आकडा मिळवा : २+१+२+०+५ = १०. त्याची तिप्पट ३०. आता विषम स्थानांवरचे आकडे मिळवा : २+०+१+४+७ = १४. एकूण ४४. पुढची दहाची पट ५०. फरक ६. म्हणून अकरावा आकडा ६. क्रमांक लिहून घेणाऱ्याने एक आकडा चुकवला तर हा हिशेब जुळत नाही आणि चूक लगेच सापडते. वहीत उतरवलेले क्रमांक मी रात्री असे तपासत असे. पहिल्या दिवशी माझे बरेच क्रमांक चुकले होते. डोळ्यांनी पाहिले म्हणजे बरोबर पाहिले असे नसते, हे मला त्या रात्री समजले.

गाडी भरलेली आहे की रिकामी, हे वरून न पाहताही सांगता येते. भरलेल्या वाघिणीच्या स्प्रिंगा दबलेल्या असतात आणि तिचा आवाज जड, घुमल्यासारखा येतो. रिकामी वाघीण पत्र्याच्या डब्यासारखी खडखडते.

वेग काढायलाही यंत्र लागत नाही. एका बॉक्सएन वाघिणीची लांबी जोडापासून जोडापर्यंत सुमारे १०.७ मीटर असते. अठ्ठावन्न वाघिणी म्हणजे सुमारे ६२० मीटर. त्या समोरून जायला ६२ सेकंद लागले तर वेग सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर.

उभे राहण्याची पाच कारणे

आता मूळ प्रश्न. माझ्या वहीत उभ्या गाड्यांची पाच कारणे जमा झाली.

पहिले, तपासणी. रेक आला की तपासणारे कर्मचारी दोन्ही बाजूंनी चालत जातात. चाके, स्प्रिंगा, जोड, ब्रेकचे ठोकळे, दारांच्या कड्या असे सगळे पाहतात. मग ब्रेकची चाचणी होते आणि ब्रेक पॉवर सर्टिफिकेट तयार होते. ते लोको पायलट आणि गार्ड यांच्याकडे देतात. या कागदाशिवाय गाडी निघू शकत नाही. आजोबांच्या "आता तपासतात" या वाक्याचा अर्थ हाच.

दुसरे, माणसे. लोको पायलटच्या कामाच्या तासांना मर्यादा आहे. तासन् तास सिग्नल पाहत राहणाऱ्या माणसाला झोप मिळाली नाही तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून ठरावीक ठिकाणी नवी जोडी गाडीवर चढते आणि जुनी जोडी रनिंग रूममध्ये जाऊन झोपते.

तिसरे, इंजिन. ते बदलायचे असते, किंवा गाडी उलट दिशेला न्यायची म्हणून एका टोकाचे दुसऱ्या टोकाला लावायचे असते.

चौथे, रिकामे होण्याची वाट. कारखान्यात आधीचा रेक रिकामा होत असेल तर पुढच्याला बाहेर थांबावे लागते. ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ वाघिणी अडकवून ठेवणाऱ्या ग्राहकाला रेल्वे विलंब आकार लावते. त्याला डिमरेज म्हणतात.

पाचवे, वाट देणे. फाटकाशी थांबलेल्या लोकांना राग येतो तो बहुधा या कारणाचा. मागून प्रवासी गाडी येत असली की मालगाडीला बाजूच्या लूप लाइनीत घेतात. अनेक स्टेशनांवर लूपची उपयोगी लांबी ६८६ मीटर धरलेली असते. अठ्ठावन्न वाघिणी, इंजिन आणि गार्डचा डबा मिळून गाडी या लांबीत कशीबशी मावते. मालगाडी एवढीच लांब का आणि याहून लांब का नाही, याचे एक उत्तर या आकड्यात आहे.

लूपमध्ये न मावणारी गाडी

मग याहून लांब गाडी चालवलीच नाही का? चालवली, आणि तीही आमच्या भिलाईहून. २२ जानेवारी २०२१ रोजी दक्षिण पूर्व मध्य रेल्वेने पाच रिकामे रेक एकामागे एक जोडून भिलाईच्या डी केबिनपासून कोरब्यापर्यंत नेले. या गाडीचे नाव 'वासुकी'. लांबी सुमारे साडेतीन किलोमीटर. २२४ किलोमीटरचे अंतर तिने सुमारे सात तासांत कापले. पुढे १५ ऑगस्ट २०२२ रोजी 'सुपर वासुकी' उलट दिशेने निघाली, भरलेली. सहा इंजिने, २९५ वाघिणी आणि कोळसा घेऊन ती कोरब्याहून राजनांदगावपर्यंत गेली.

रिकामी गाडी कोरब्याकडे आणि भरलेली राजनांदगावकडे, हे लक्षात घ्या. कोरबा परिसरात गेवरा, दीपका, कुसमुंडा अशा मोठ्या उघड्या कोळसा खाणी आहेत. तिथला कोळसा महाराष्ट्रातल्या वीज केंद्रांपर्यंतही जातो. एका साध्या रेकमध्ये चार हजार टनांच्या आसपास कोळसा असतो. एक युनिट वीज तयार करायला ढोबळमानाने ७०० ग्रॅम कोळसा धरला तर एका रेकमधून सुमारे ५७ लाख युनिट वीज होते. महिन्याला २०० युनिट वापरणाऱ्या सुमारे २८ हजार घरांची ती महिन्याभराची वीज. आपल्या हॉस्टेलमध्ये 'लाइट्स आउट' होईपर्यंत जे दिवे जळतात, त्यांच्यामागे कुठेतरी असा एक रेक असू शकतो.

वासुकीसारखी गाडी पाच गाड्यांची जागा एकदम वाचवते, कारण ती एकच मार्ग घेते. पण ती कोणत्याही लूपमध्ये मावत नाही. एकदा निघाली की तिला बाजूला घेऊन दुसऱ्या गाडीला वाट देता येत नाही. म्हणून ती रोज आणि कुठेही चालवता येत नाही. तिच्यासाठी इतर गाड्यांनाच थांबावे लागते.

दुसऱ्यासाठी थांबणे म्हणजे काय, हे मी एकदा फार वेगळ्या वेळी ऐकले. एप्रिल २०२१. मी नुकताच सहावीत गेलो होतो आणि सगळे घरात बंद होतो. रुग्णालयांत प्राणवायू कमी पडत होता. १९ एप्रिलला नवी मुंबईतल्या कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस विशाखापट्टणमला निघाली. टँकर सपाट वाघिणींवर चढवल्यावर त्यांची उंची जास्त होत होती, म्हणून घाटाचा जवळचा रस्ता सोडून ती वसई, जळगाव, नागपूर, रायपूर अशी लांबून गेली. म्हणजे आमच्याच रुळांवरून. परत येताना तीन टँकर नागपूरला उतरले आणि चार नाशिकला. तिला मोकळा मार्ग दिला होता. मोकळा मार्ग याचा अर्थ मला आजोबांनी त्या रात्री टीव्हीसमोर सांगितला : "तिच्यासाठी किती मालगाड्या लूपमध्ये उभ्या असतील, ते कोणी दाखवणार नाही." तेव्हापासून उभ्या गाडीला 'उगाच उभी' म्हणायला माझी जीभ धजत नाही.

उभी गाडी सर्वांत धोक्याची का?

आता माझ्या तुटलेल्या बॅटकडे येतो.

मालगाडीच्या सर्व वाघिणींमधून हवेची एक नळी गेलेली असते. तिच्यात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५ किलो दाब असतो. आपल्याला वाटते की हवा सोडली की ब्रेक सुटत असेल. खरे तर उलट आहे. दाब पूर्ण असला की ब्रेक सुटलेले असतात आणि दाब कमी झाला की ब्रेक लागतात. यामागे विचार आहे. समजा वाटेत जोड तुटून गाडीचे दोन तुकडे झाले. नळीही तुटते, दाब जातो आणि दोन्ही तुकडे आपोआप थांबतात. गाडीच्या शेवटी 'एलव्ही' अशी पाटी किंवा रात्री लाल दिवा असतो तोही याचसाठी. ती दिसली की गाडी पूर्ण आली, मागे काही राहिले नाही.

पण भरलेला रेक साडेचार हजार टनांहून जड असतो. पुढे वेगात असताना ब्रेक लावला तरी तो कित्येक शे मीटर गेल्याशिवाय थांबत नाही. लोको पायलटला आपण दिसलो तरी उपयोग नसतो.

आणि उभ्या गाडीत तर आपण त्याला दिसतच नाही. आपण चाळिसाव्या वाघिणीशी वाकलेले असतो आणि तो चारशे मीटर पुढे असतो, तोंड पुढच्या दिशेला. सिग्नल तिकडे, शिट्टी तिकडे. वाऱ्यात आणि शेजारच्या गाडीच्या आवाजात ती शिट्टी कित्येकदा ऐकूच येत नाही.

त्यात जोडांची गंमत आहे. दोन वाघिणींच्या मधल्या जोडाला थोडी सैल जागा असते. अडीच सेंटिमीटर धरली तरी अठ्ठावन्न जोडांची मिळून जवळजवळ दीड मीटर होते. इंजिन हलले की पहिली वाघीण हलते, मग दुसरी, मग तिसरी. स्क्वॉडला 'तेज चल' मिळाल्यावर नवशिक्यांची शेवटची रांग क्षणभर उशिरा निघते ना, तसे. तो धडधड आवाज गाडीभर पळत जातो. इंजिन निघून काही क्षण झाले तरी आपल्या समोरची वाघीण शांत उभी असते. मग एकदम झटका बसतो. आपल्याला वाटते की ती अचानक हलली. खरे तर ती केव्हाच निघालेली असते.

शंटिंग चालू असेल तर झटका मागूनही येतो. पुढे इंजिन नाही म्हणून गाडी हलणार नाही, हा हिशेबही चुकीचा.

वरून आणखी एक धोका. विजेच्या तारेत २५ हजार व्होल्टचा दाब असतो. तारेला हात लावावाच लागतो असे नाही. वाघिणीवर चढून माणूस तारेजवळ गेला तरी वीज अंतर ओलांडून अंगावर येते. सेल्फीसाठी वाघिणीवर चढणारी मुले हे समजायच्या आतच जळतात.

तुम्हाला पाहायचे असेल तर

भिलाईलाच यायला हवे असे नाही. भुसावळ, मनमाड, दौंड, मिरज, नागपूर, जिथे तुमचे घर असेल तिथे हे पाहता येईल. माझे नियम साधे आहेत.

प्लॅटफॉर्म तिकीट काढून पादचारी पुलावर किंवा फलाटावर उभे राहायचे. रुळांवर किंवा यार्डात पाऊल ठेवायचे नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरणे हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. वही आणि घड्याळ एवढेच न्यायचे. आधी जे दिसले ते लिहायचे, अंदाज वेगळ्या रकान्यात लिहायचा. कर्मचारी कामात असताना त्यांना प्रश्न विचारायचे नाहीत. आणि सैन्याचे सामान नेणारी गाडी दिसली तर वही मिटायची. तिची वेळ, दिशा, फोटो काहीही लिहायचे नाही आणि कोणाला पाठवायचे नाही. आपण कॅडेट आहोत, त्यामुळे हे जास्त सांगायची गरज नाही.

सुट्टीच्या शेवटच्या संध्याकाळी आजोबा माझ्याबरोबर पुलावर आले. खाली कोळशाचा एक भरलेला रेक उभा होता. मी त्यांना म्हणालो, "तपासणी झाली आहे, नवे लोको पायलट चढले आहेत, आता मागची एक्सप्रेस गेली की सुटेल." सात-आठ मिनिटांनी एक्सप्रेस गेली. आणखी थोड्या वेळाने मालगाडीची शिट्टी लांबून ऐकू आली आणि ती धडधड पुढून मागे पळत गेली. आजोबा काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली. माझ्या सहा वर्षांपूर्वीच्या परीक्षेचा तो निकाल होता असे मी समजतो.

पण पुलावरून उतरताना मी पाहिले, मैदानाकडे जाणारी ती चोरवाट अजून तशीच मळलेली आहे. माझ्यानंतरची मुले आता तिथून जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी गाडी होती. निघण्यापूर्वी मी मैदानावर गेलो, अर्थात पुलावरून, आणि तिथल्या मुलांना विचारले, "ती मालगाडी का उभी आहे, सांगा बरं?" कोणाला सांगता आले नाही. दोघे जण माझ्याबरोबर पुलावर आले.

पालकांनाही माझी एक विनंती आहे. रुळांजवळ राहणाऱ्या मुलांना "तिकडे जाऊ नको" एवढेच सांगून ती थांबत नाहीत, कारण तीन मिनिटांची वाट पंधरा मिनिटांच्या वाटेपेक्षा नेहमीच जवळची असते. त्यांना एकदा पुलावर न्या, खाली उभी असलेली गाडी दाखवा आणि ती का उभी आहे ते विचारा.